आठ मिनिटांची माघार

अप्पांनी आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि लेकीला शिकवून कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्राध्यापक केली. तिचं ते विज्ञान मात्र त्यांच्या गळी कधी उतरलं नाही. वाद ठरलेला. सूर्य अचानक नाहीसा झाला तर पृथ्वीला कधी कळेल? लेक म्हणे, आठ मिनिटांनी, कारण गुरुत्वाकर्षणही प्रकाशाच्याच वेगानं पोचतं. अप्पा म्हणत, तत्क्षणी. ओळंब्याचं वजन सोडल्यावर दोरी ताठ व्हायला काय वाट बघत बसते? दूरवर दोन तारे एकमेकांवर आदळले, त्यांच्या गुरुत्वाकर्षणाचा धक्का आणि उजेड जवळजवळ बरोबरच इथे पोचले, हे तिनं कितीदा तरी सांगून पाहिलं. ते कुणी मोजलं? यंत्रानं. यंत्र कुणाचं? इथे गाडी रुतायची. वर्षानुवर्षं दोघं तेच दळण दळत होते आणि खरं सांगायचं तर त्यावाचून दोघांनाही जेवण गोड लागत नसे.

आता अप्पांच्या घशात गाठ निघाली होती. किरणांचा उपचार याच आठवड्यात सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाठ कुठवर पसरली आहे हे लेकीनं अप्पांपासून लपवलं होतं. साधीच आहे, एवढंच ती म्हणाली, आणि अप्पांना हटून बसायला तेवढं पुरलं. ज्यांना सूर्याचं धड सांगता येत नाही त्यांच्या यंत्राखाली मी मान देणार नाही, म्हणाले.

खाली गाडी उभी होती. लेक त्यांचे मोजे हातात घेऊन पलंगाच्या कडेला बसली. समजावून समजावून ती पार थकली होती. तिला अप्पा हवे होते. विज्ञान गेलं खड्ड्यात.

"बरोबर आहे तुमचं, अप्पा," ती म्हणाली. "तत्क्षणीच कळत असेल. आमचंच चुकतंय. आता चला."

एवढी बाजी जिंकल्यावर अप्पा आता शेजाऱ्यांना हाका मारून सांगतील, असं तिला वाटलं. त्यांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"इतकं पसरलंय?" त्यांनी विचारलं.

तिला रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. अप्पांनी तिच्या हातातून मोजे घेतले आणि स्वतःच चढवले, एक तर उलटाच. अप्पांना घाबरलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

"येतो मी," ते म्हणाले. "पण तू माघार घेऊ नकोस. ते आठ मिनिटांचं सांग बघू पुन्हा."

जिन्यात तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. अप्पा तिचा दंड धरून एकेक पायरी उतरत होते आणि तिचा एकही शब्द मान्य करत नव्हते.