वाचणारा पेन

"बाई, हा पेन तर नाकात बोलतोय!" कानातला इअरफोन काढत मिस्त्री म्हणाला आणि तुरुंगातला तो वर्ग खो खो हसला.

"सर्दी झाली असेल त्याला," बाई म्हणाल्या. "माझ्या घशापेक्षा बराय ना?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. बाईंचा आवाज दिवसेंदिवस विरत चालला होता. वर्गाची परीक्षा झाली की त्यांचं स्वरयंत्रच काढायचं ठरलं होतं.

वर्ग म्हणजे एकेकाळची कोठाराची खोली. उंचावर जाळीची खिडकी, जमिनीत पक्की बसवलेली बाकं. ज्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरं जागेवर थांबत नाहीत अशांसाठी बाई इथे वर्षानुवर्षं मोठ्याने वाचत आल्या होत्या. कोर्टाचे कागद, औषधांची वेष्टनं, परीक्षेचे पेपर. आता जेलरसाहेबांच्या हात धुऊन मागे लागून त्यांनी सगळ्यांसाठी हे वाचणारे पेन मिळवले होते. छापील ओळीवरून फिरवला की पेन ती ओळ कानात वाचून दाखवी. कुणी गळ्याला फास लावू नये म्हणून त्याची वायर वीतभरच ठेवलेली. त्यामुळे वाचणारा माणूस कागदाला कान लावून बसल्यासारखा दिसे.

तुरुंगातले सगळे पंखे मिस्त्रीच्याच जिवावर फिरत. पण शाळेत 'ढ' म्हणून मागे बसवलेला तो कायमचा मागेच राहिला. वायरमनच्या परीक्षेत गेल्या वर्षी बाईंनी शेजारी बसून पेपर वाचून दाखवला, तरी गडी नापास. आता सुटका तोंडावर आली होती. हे प्रमाणपत्र नसलं तर बाहेर त्याला दारात कोण उभं करणार?

घरी लेक म्हणाली, "आई, तुझाच आवाज भरून घेऊ या ना त्या पेनात. थोडा उरलाय तोवर."

"नको."

"का गं? त्यांना तुझ्या वाचण्याची सवय आहे."

"तीच मोडायचीय, बाळा. मी काय जन्माला पुरणारे?"

लेक स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नुसता नळ वाहत राहिला.

परीक्षेआधी मिस्त्रीने पेन परत आणून ठेवला. "तुम्हीच वाचा, बाई. हळू वाचलं तरी चालेल."

"गेल्या वर्षी वाचलं की. काय दिवे लावलेस?"

मिस्त्रीने मान खाजवली. "खरं सांगू? तिसरा प्रश्न डोक्यावरून गेला. तिथून पुढे काही ऐकूच आलं नाही."

"अरे, मग परत वाचा म्हणायचंस! दहादा वाचला असता."

"तुम्ही वाचला असता हो. पण शेजारच्यांनी ऐकलं असतं ना? म्हणाले असते, याला वाचून दाखवलेलंही कळत नाही."

घसा फुटेस्तोवर वाचलं, पण हे बाईंच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी पेन त्याच्याकडे सरकवला.

"मग यालाच विचार. शंभरदा विचारलंस तरी हा उसासा टाकायचा नाही. आणि चुगली तर नाहीच नाही."

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी पेनाला परवानगी दिली, तरी बाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. न जाणो, पेन बंद पडला तर! मिस्त्रीने पहिल्या प्रश्नावर पेन फिरवला. पुन्हा फिरवला. उत्तरावर खूण केली. एका प्रश्नाशी तो अडला, कपाळावर घाम आला. त्याने चोरून आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. मग तो पेन फिरवत राहिला, फिरवतच राहिला, आणि एकदम "हात्तिच्या!" असं पुटपुटून त्याने ठसठशीत खूण केली. पान त्याने स्वतःच उलटलं.

"बाई, तुम्हाला आता इथे काही काम नाही," पर्यवेक्षक हळूच म्हणाले. "दमला असाल. निघा."

बाई उठल्या. सगळ्यांशी शेवटचे दोन शब्द बोलायचे म्हणून सकाळपासून त्यांनी आवाज जपून ठेवला होता. दाराशी त्या थांबल्या. मिस्त्रीचे ओठ हलत होते. एकाही बाकावरून डोकं वर झालं नाही.

शिपाई किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत दार उघडायला आला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.