सतरंजीवरचा कोरम

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. सायखेड्याकडच्या एका पाणीवापर संस्थेची. विणली तेव्हा निळी होते. आता कुठला रंग म्हणायचा, ते मलाही सांगता येत नाही. लय भाषणं ऐकली. कुणी फारच लांबण लावली, तर त्याच्या पायाच्या अंगठ्यात हळूच दोरा अडकवून आवरतंही घ्यायला लावलं. सभा संपली की मला गुंडाळून कोपऱ्यात उभी करायचे. उंदरांनी एक कड खाल्ली, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पण परवाची सभा! अजून अंगावर काटा आहे.

ठराव एकच होता. कालव्याचं पाणी आधी चारीच्या, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाच्या, शेवटच्या शेतांना, मग वरच्यांना. शेवटच्या शेतांतला कांदा सुकत चाललेला आणि पाणी सोमवारी सुटणार. कोरम पंचवीस जणांचा; एक जरी कमी, तरी ठराव नाही. वरचे मेंबर मुद्दाम चहाच्या टपरीवर जाऊन बसलेले. माझ्यावर मोजून चोवीस.

"हा कोरम हाय तरी कोण?" म्हातारे पुंजाबाबा वैतागले. "दर सभेला त्याचीच वाट बघायची, अन् हा गडी एकदा आला नाय!"

सगळे खो खो हसले. नवी सचिव निकिताही हसली. मग म्हणाली, "बाबा, शब्द लॅटिन आहे. पूर्वी इंग्लंडात न्यायाधीश नेमताना पत्रात लिहायचे, 'ज्यांच्यापैकी एक तुम्ही असावं, अशी आमची इच्छा आहे.' त्यातलं 'ज्यांच्यापैकी' म्हणजे कोरम. असं ज्यांना लिहिलं, त्यांच्यातलं कुणी नसलं तर कामच चालायचं नाही."

 मी इतकी वर्षं समजत होते, कोरम म्हणजे नुसती डोकी मोजायची. हे तर आवतण निघालं!

बाहेर पायरीवर सगुणाबाई बसल्या होत्या. नवरा गेल्यावर शेत त्यांच्या नावावर झालेलं, म्हणून मेंबरही त्याच; शेत चारीच्या अगदी टोकाला. इथे बायांची सही रजिस्टर घरी पाठवून घ्यायची रीत. त्या दिवशी कुणी फिरकलं नाही, म्हणून त्याच आल्या; पण उंबरा ओलांडेनात.

"काकू, आत या," निकिता म्हणाली.

"सही देते ना इथूनच. गड्यांत बसून मी काय करू?"

"सही नको, काकू. तुम्ही पाहिजे."

पुंजाबाबांनी मांडी आवरली. "ये बाई. लय वाट बघायला लावली!"

सगुणाबाईंनी चपला काढल्या, पदर सावरला आणि माझ्या खाल्लेल्या कडेवर टेकल्या. पंचवीस! हात वर झाले, त्यांचा सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात उंच. ठराव मंजूर. माझ्यावर पुढारी बसले, पाहुणे बसले. एवढं वजन मला कधी जाणवलं नव्हतं.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, काठीनं झटका, उंदरांपासून जपा. आणि माझ्यावर बसाल तेव्हा पाय पसरू नका. दाराशी कुणीतरी थांबलेलं असतंच. जरा सरकून घ्या.