आधी शेवट

सुपडाबाई तणतणतच शाळेत शिरली. ज्या मुलांना शिकायला जड जातं, त्यांची ही खापर गावाच्या अलीकडची निवासी शाळा. सुपडाबाईची तेरा वर्षांची दिपाली सहा महिन्यांपासून इथे राहत होती. पोरीचं बोलणं मोजकं, कळायला वेळ लागे. आज आई तिला कायमची घरी न्यायला आली होती, आणि सुपडाबाईनं एकदा मनावर घेतलं की तिला अडवायची गावात कुणाची टाप नव्हती.

बिनसलं होतं दिवाळीत, पोरगी सुटीला घरी आली तेव्हा. दादर ज्वारीचं पीठ मळायला बसवलं, तर पोरगी परात सोडून चुलीशी जाऊन बसली. मळायचं आईनं, थापायचं आईनं, शेकायचं आईनं. भाकर टम्म फुगली की हिनं ती उचलायची, राख झटकायची, टोपलीत टाकायची आणि हसायचं. शेजारणी म्हणाल्या, शाळेनं आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला बरं शिकवलं. ते सुपडाबाईला झोंबलं.

"आठे शिकाडतस तरी काय?" तिनं दिपालीला शिकवणाऱ्या रंजना मॅडमना विचारलं. "मी मन्ही पोरले लई जास."

मॅडम वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. "जरासं बसा, माय. भाकरी व्हतीन, मंग लई जा."

मागच्या अंगणात चूल पेटली होती. मॅडमनी भाकर थापून तव्यावर टाकली आणि हात काढून घेतला. दिपालीनं बोटांनी तिच्यावर पाणी फिरवलं. पाणी सुकेपर्यंत थांबली, मग भाकर उलटवली, निखाऱ्याला लावली, उचलली, राख झटकली. दिवाळीत तर हिला नुसतं उचलताच येत होतं. सुपडाबाई बघतच राहिली.

मॅडमनी समजावलं, की इथे काम शेवटाकडून शिकवतात. आधी फक्त उचलणं. ते जमलं की त्याच्या अगोदरचं, मग त्याच्याही अगोदरचं, असं मागे सरकत पिठापर्यंत जायचं. त्याला दोन वर्षं लागली तर लागली.

"रोज तिन्हाच हाते काम पुरं व्हस, माय. अर्धं सोडानी येळ येत नही."

काय त्या बाईची चिकाटी! सुपडाबाईनं मात्र नेहमी सुरुवातीपासून शिकवलं होतं. पीठ सांडलं की परात हिसकायची आणि म्हणायचं, ऱ्हाऊ दे, तुन्हाघाई व्हवाव नही. वेणी असो, केर असो, तेरा वर्षांत लेकीला एकही काम शेवटाला नेऊ दिलं नव्हतं. आणि पोरीला पहिल्यांदा जे पुरं करता आलं, ते तिनं हौसेनं घरी करून दाखवलं, तर आईला लाज वाटली. आता सुपडाबाईला स्वतःचीच लाज वाटली.

ती परातीपुढे बसली. भाकर थापून तव्यावर टाकली. सवयीनं हात पाण्याकडे गेला, तो तिनं मागे घेऊन पदरात गुंडाळला. दिपालीनं सावकाश सगळं केलं. कड थोडी करपली. टोपलीकडे न वळता तिनं ती गरम भाकर आईच्या हातात दिली.

"माय, जेव."

लग्न झाल्यापासून सुपडाबाई सगळ्यांच्या मागून जेवत आली होती. चुलीवरून उतरलेली भाकर तिच्या हातात कुणी दिली नव्हती. तिनं ती तिथंच, कोरडीच, रडत रडत खाल्ली.

मग डोळे पुसून तिनं मॅडमना सांगितलं, की आता होळीच्या सुटीतच न्यायला येईन. आणि घरी आपण काय काय करायचं नाही, तेवढं मात्र आजच नीट सांगून ठेवा.