अंगाला तेल चालत नाही

मुली मला पाठीमागे नियमबाई म्हणतात. म्हणू देत! कुणाची नखं वाढलेली, कुणाच्या कानात डूल, एकीने तर जर्सीचा नंबर उलटा शिवून आणलेला. कबड्डी खेळायला येतात की लग्नाला, तेच कळत नाही. मी आमच्या कॉलेजची क्रीडाशिक्षिका. पंचांपुढे जाण्याआधी संघ नियमात बसवणं माझं काम, आणि ते मी आरडाओरडा करूनच करते.

त्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल होती, समोर घोटीच्या मुली. आमची मुख्य चढाईपटू निकिता, सुरगाण्याची. तिची आई लंकाबाई पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला जीपने आली होती. मुलींना घ्यायला मी हॉस्टेलवर गेले आणि दारातच माझी पाचावर धारण बसली.

अख्खा संघ व्हरांड्यात ओळीने बसलेला, आणि सगळ्याजणी तळून काढलेल्या पुऱ्यांसारख्या चकाकत होत्या! मोहाच्या तेलाची बाटली मांडीशी धरून लंकाबाई आरोहीच्या पोटऱ्या चोळत होती.

"अगं बाई, हे काय चाललंय?"

"पोरींची अंगं लय कोरडी पडलीत, मॅडम," लंकाबाई हसत म्हणाली. "माझ्या निकीला लावलं, तर सगळ्याच म्हणल्या, मावशी, आम्हालापण. घर सोडल्यापासून कुणी अंगावरून हात फिरवला नाय म्हणे."

आता काय बोलायचं? कबड्डीत अंगाला तेल चालत नाही, पकडणाऱ्याचा हात सटकतो. पंच हात फिरवून बघतात आणि तेल लागलं की संघ बाद. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच निकिताने आईच्या पाठीमागून मला हात जोडले. तिला कळू देऊ नका, मॅडम, असं ते तोंड. आणि मी पाघळले. नियमबाई पाघळली!

"मावशी, तेल झकास," मी म्हणाले. "पण आमच्या नाशकात मॅचच्या आधी वरून बेसन चोळायची पद्धत आहे." कसली पद्धत नि कसलं काय, धडधडीत थाप!

मेसमधून बेसनाचा डबा आला आणि मग नुसता धुडगूस. नळाखाली पोरी एकमेकींना घासतायत, किंचाळतायत, आरोहीच्या कानात पीठ, माझ्या ओढणीला पीठ. लंकाबाईला ही पद्धत इतकी आवडली की ती पदर खोचून हळदीची गाणी म्हणायला लागली. शेवटी मी प्रत्येकीच्या दंडाला वर्तमानपत्र लावून पाहिलं. एक डाग नाही!

मैदानावर मी जर्सी तपासत होते. वळून बघते तर लंकाबाई मांडवातून येतेय, हातात तीच बाटली, रिकामी.

"त्या शिट्टीवाल्या बाबाचे हात किती फुटले होते, मॅडम! चांगले चोळून दिले."

शिट्टीवाले बाबा म्हणजे आमचे पंच, शेखर सर. मी धावणार तेवढ्यात तपासणी सुरू झालीसुद्धा. सरांनी घोटीच्या कप्तानाच्या, आलिमाच्या, दंडावर हात फिरवला. "तेल!" दुसरीच्या फिरवला. "तेल! सगळा संघ तेलात! बाद!"

"अल्ला कसम, सर, आम्ही नाही लावलं!" आलिमा रडकुंडीला आली.

"मॅडम, गप्प बसा, जिंकलो," आरोही माझ्या कानात कुजबुजली. खरंच, गप्प बसले तर कप आमचा. आणि बोलले तर लंकाबाईसमोर सगळं उघडं पडणार. पण ती आलिमा हुंदके द्यायला लागली आणि माझं डोकंच फिरलं.

"सर! तेल मुलींना नाही, तुमच्या हाताला आहे! आधी हात धुवा!"

लंकाबाईचं हसू मावळलं. "तेल चालत नाय?"

"नाही, मावशी."

"मंग ते बेसन..." तिने एकेका पोरीकडे पाहिलं. निकिताने मान खाली घातली.

आणि लंकाबाई पोट धरून हसत सुटली. "आन मी गानी म्हनत व्हते!" मग तिने माझी बेसनाने माखलेली ओढणीच ओढून घेतली आणि शेखर सरांचे हात खसाखसा पुसून काढले. "तेल माझं हाय, बाबा. पोरींचं नाय." सरांनी वरून साबण लावला, आलिमा आणि तिच्या मैत्रिणीने दंड धुतले, पुन्हा तपासणी झाली आणि दोन्ही संघ पास झाले.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत. शेवटच्या चढाईत निकिताला चौघींनी कवटाळलं, पण पोरगी अशी काही सुळकन निसटली की थेट मधल्या रेषेवर! "तेल! तेल!" घोटीच्या मुली एका सुरात ओरडल्या. सरांनी धावत जाऊन तिचा दंड चोळला, हुंगला.

"कोरडी आहे," ते म्हणाले. "फक्त भज्यांचा वास येतोय."

मग काय विचारता! आम्ही नाचलो, पडलो, पुन्हा नाचलो. त्या गर्दीत लंकाबाईने माझा हात धरला. "झाली ना मॅच, मॅडम? आता नियम नाय ना?"

"आता नाही."

"मग बसा खाली." तिने पिशवीतून दुसरी बाटली काढली. माझ्यामागे आलिमा येऊन बसली, तिच्यामागे दोन्ही संघांची रांग लागली. लंकाबाईचा खरखरीत तळवा माझ्या डोक्यावर आला. आई गेल्यापासून तिथे कुणाचा हात फिरला नव्हता. सगळ्यांसमोर मला रडू फुटलं आणि हसूही येत होतं.

"मावशी," मी म्हणाले, "अजून थोडं लावा."