जयसिंगचे पाच बुश

पितळी बुश, यंत्राच्या दांड्यावर बसणारी आखूड नळी, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून जयसिंग फिरवतो आहे... गार लागायला हवा, लागत नाही. पिवळा रंग डोळ्यांना कळतो, वजन मनगटाला कळतं, बोटं मात्र कुणा दुसऱ्याची उसनी आणल्यासारखी. चार महिने झाले. उजव्या हाताची तीन बोटं. कुणालाच सांगितलेलं नाही. भोसरीच्या या गल्लीत नखाने जॉब तपासणारा तो एकटा — लेथवरून उतरलेल्या तुकड्यावर नख ओढायचं आणि सांगायचं, अजून एक हलका हात मार. त्या नखाच्या विश्वासावर लोक त्याच्या गाळ्यात काम टाकतात. आणि त्यानेच सांगायचं की राव, माझं नख मेलं?

आणि तरी काल सरूबाईच्या चहाच्या गाडीवर जीभ सुटलीच. शेजारच्या गाळ्यातल्या उद्धवरावाने नवीन सीएनसी मशीन आणलं होतं, कॉम्प्युटरवर चालणारं, काचेच्या दाराचं, आतल्या आत स्वतःच टूल बदलणारं, आणि सकाळपासून तो पोरगी झालेल्या बापासारखा सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होता.

"जयसिंगभाऊ, तुझ्या नखाला आता रिटायर कर."

"तुझा तो फ्रिज मला शिकवणार? दहा बुश घे. पाच त्याचे, पाच माझ्या लेथवरचे. डोळे बांध. माझे पाच बोटाने वेगळे काढतो."

"हरलास तर?"

"उद्या खंडेनवमी. सगळ्या गल्लीसमोर तुझ्या फ्रिजच्या पाया पडतो, उस्ताद म्हणतो त्याला. तू हरलास तर वहिनींची पैठणी माझ्या लेथला नेसवायची. पदरासकट!"

"निऱ्या मी घालते," सरूबाई म्हणाली आणि हसता हसता तिच्या हातातलं गाळणं पडलं.

का बोललो मी? चेष्टा म्हणून... चेष्टा तर सकाळीही करतो. शर्टाची बटणं लागत नाहीत म्हणून जयमालेसमोर छाती काढून उभं राहायचं — लाव की, तीस वर्षं झाली तरी नवरा नवाच आहे — आणि ती लाजत, "म्हाताऱ्याला चळ लागलाय" म्हणत एकेक बटण लावते. तिला काय माहीत. डॉक्टरकडे जायचं राहिलंय. राहिलंय म्हणजे, ठेवलंय.

दत्तोबांनी शिकवलं होतं. कंपनीतले जुने टर्नर, जेवणाच्या सुट्टीत डोक्यातला एक केस उपटायचे, वहीच्या पानाखाली ठेवायचे आणि म्हणायचे, शोध. मग दोन पानांखाली. मग चार. सहाव्या पानाला जयसिंगला केस सापडला तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी नुसती त्याच्याकडे सरकवली होती... त्या केसाचा उंचवटा आत्ताही आठवतो. बोटाला नाही, डोक्याला आठवतो.

म्हणून आज सकाळी, गाळ्यात कुणी नसताना, त्याने आपल्या पाचही बुशांच्या आतल्या कडेला कानशीने खाच पाडली. गव्हाच्या दाण्याएवढी. सहज दिसणार नाही, पण शेंबड्या पोरालासुद्धा लागेल. आधी जिंकायचं, मग खाच दाखवायची, उद्धवराव शिव्या घालील, गल्ली लोळेल. असा बेत. पण कानस खाली ठेवताना मनात आलं होतं — ही खाचसुद्धा लागली नाही तर? — आणि तो विचार त्याने शिट्टी वाजवून घालवला होता.

आता वीस-पंचवीस माणसं जमली आहेत. उद्धवरावाची मुलगी वर्षाली, त्या मशीनचे प्रोग्रॅम तीच लिहिते, तिने ओढणीने त्याचे डोळे बांधले, मशीनच्या पाचांवर शाईचा ठिपका दिला आणि सगळे बुश ताटात मिसळले.

पहिला. आत बोट घातलं, फिरवलं. गुळगुळीत. दुसरा, गुळगुळीत. तिसरा... चौथा... दहाही तसेच, दहाही एकाच अंधारातले. जोरात दाबलं, कडेवरून बोट घासलं, पुन्हा घासलं. काहीच नाही. लोकांना वाटत होतं, कसलं ध्यान लावतोय. मग त्याने उचलले. एक, दोन, तीन, चार, पाच, भाजी निवडावी तसे.

ओढणी सुटली. पाचातले तीन मशीनचे निघाले.

"काका," वर्षाली ताटात वाकून म्हणाली, "तुमच्या बुशांना आतून खाच आहे. सगळ्या पाचांना. खूण केली होतीत?"

उद्धवराव मांडीवर थाप मारून ओरडला, "अरे, खूण करून ठेवली आणि तरी चुकीचे उचलले! मुद्दाम हरला रे हा! माझ्या मशीनची पहिली खंडेनवमी म्हणून हरला!" त्याने जयसिंगला मिठी मारली आणि गल्ली टाळ्या पिटू लागली.

सांगावं? आत्ता, याच्या कानात, मिठीतच... सांगितलं तर उद्यापासून गाळ्यात कोण येईल?

"काका, बोट," वर्षाली हळूच म्हणाली. ताटातल्या एका बुशाच्या कडेला लाल रेघ होती, बोटातून रक्ताचा थेंब येत होता, आणि त्याला पत्ता नव्हता.

"कुंकू गं. पूजेचं."

ती हसली नाही. तिने त्याच्या मुठीत कापसाचा बोळा दिला आणि बाजूला झाली.

"पैज म्हणजे पैज!" सरूबाई ओरडली. "पाया पड, जयसिंगा!"

तो मशीनसमोर गेला. झेंडूच्या माळेआड काच, काचेत त्याचा चेहरा, मागे सगळी गल्ली. उद्धवरावाने बटण दाबलं, आतला चक, जॉब पकडणारा जबडा, फिरू लागला. जयसिंगने वाकून तळवा पत्र्यावर टेकला. थरथर बोटांना लागली नाही. मनगटातून, कोपरातून वर आली, खांद्यापर्यंत, एकसारखी, न चुकता. भारी मशीन आहे, त्याला वाटलं. खरंच भारी आहे.

"उस्ताद," तो म्हणाला.

गमतीदार आवाज काढायचं ठरवलं होतं, पण तो साधाच निघाला, कंपनीतल्या पहिल्या वर्षी दत्तोबांसमोर निघायचा तसा. मागे हशा उसळला आणि मग थांबला. लोक पुढच्या नकलेची वाट पाहत होते, काहीतरी करेल आता हा, डोळा मारेल, नारळ डोक्यावर ठेवेल. तो वाकलेलाच राहिला. हात काढावासा वाटत नव्हता.