तेल कोणी प्यायले?

मी एक जुनी लोखंडी कढई आहे, आणि मित्रांनो, मी माफी मागायला आलेली नाही.

होड्या बांधणाऱ्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी बावीस वर्षे कोळंबीचे स्प्रिंग रोल तळते आहे. हा पदार्थ मूळचा दूरदेशीचा. वसंतात आलेली कोवळी भाजी पातळ पारीत गुंडाळून खायची, म्हणून त्याला वसंताचे नाव मिळाले. तळायची पद्धत नंतर आली. कोळंबीत प्रथिने भरपूर, चरबी नावापुरती. तेलाची हाव असते ती वरच्या मैद्याच्या पारीला. तिला आवरायचे कसे, हे आमच्या स्वयंपाकीण काकूंना ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. बदली आले त्यांचे धाकटे दीर. भाऊजींना घाई फार! जेवणाची घंटा झाली, तसे त्यांनी बर्फातले चाळीस रोल एकदम माझ्यात ओतले. तेल गार पडले. रोल त्यात डुंबत बसले आणि पोटभर तेल प्यायले.

नेमक्या त्याच दिवशी आहारतज्ज्ञ बाई तपासणीला आल्या. त्यांनी एक रोल कागदावर ठेवला. कागद पार भिजला.

"तळणंच बंद करा, ही कढई भंगारात द्या," बाई म्हणाल्या. भाऊजींनी घाईघाईने मान डोलावली. चोर सोडून संन्याशाला सुळी! मला इतका संताप आला, की विस्तव नसतानाही मी तापले असते.

भंगारवाला दारात आला, बाईही पुन्हा तपासणीला आल्या, आणि त्याच सकाळी काकू परतल्या. त्यांनी मला त्याच्या हातातून ओढूनच घेतले.

"बाई, पाच मिनिटं थांबा. मग काय करायचं ते करा."

त्यांनी कोळंबी फडक्याने कोरडी केली, ताजे रोल वळले. तेलात पारीचा तुकडा टाकला. तो तडतडत वर आला, तेव्हा सहाच रोल सोडले. या वेळी कागदावर जेमतेम बोटाएवढा डाग उमटला.

"तरी तळलेलं ते तळलेलंच," बाई म्हणाल्या.

"मी कुठं नाही म्हणते? आठवड्यातून एकदाच देऊ, सोबत कच्ची कोबी-गाजरं. पण कढई जाणार नाही."

बाईंनी तो रोल खाल्ला. दुसरा मागितला नाही, पण भंगारवाल्याला परत पाठवले.

मित्रांनो, तळलेले रोज खाऊ नका, हे मीच सांगते. मात्र खाल त्या दिवशी नीट तळलेले खा. आणि माझ्यासारखीला मोडीत काढण्याआधी एकदा धड तापवून तरी बघा.