अनुक्रमांक पंधरा

नाभीचा हर्निया, एक कोड. जांघेतला, दुसरा. जुन्या टाक्यातला, तिसरा.

धानाच्या बांधीत उतरताना डावीकडून वच्छला पहिली.

लाखांदूरची एसटी. सात तिकिटं, मागची आडवी सीट.

पुरात वाहून गेलेली पत्र्याची पेटी.

पूर्वीची शस्त्रक्रिया: होय / नाही.

खोकला आला की आधी पोटावर हात.

*

दवाखाना खासगी, योजना सरकारी. मधल्या टेबलावर कॉम्प्युटर घेऊन शुभांगी योजनेचे अर्ज भरते. बेबीबाईच्या नावापुढे तिने 'नाभीचा' निवडलं.

"नाभीचा नाई व पोरी. टाक्यातून निंगाला. डॉक्टरनं पाहूनच सांगतलं."

"मले माहीत आहे, मावशी. पण टाक्यातला टाकला तर जुन्या ऑपरेशनचं कार्ड मागतेत. आहे का?"

"पुरात गेलं."

"मंग नाभीचाच राहू द्या. सोमवारी ऑपरेशन होऊन जाईल. टाक्यातला टाकला अन् अर्ज परत आला, तर रोवणीभर पोट धरून बसावं लागेल."

"बसीन."

"काहून पण? पोटात जाळी तर तेच लावतेत."

"नाभीचा म्हंजे माह्या अंगानं फाटला. टाक्यातला म्हंजे त्यायनं शिवला तसा फाटला. कागदावर मी काहून फाटू?"

शुभांगीने माउस सोडला. "पुरावा आणा मंग."

*

गुरुवारी बेबीबाईने पुरावा आणला. सहा बायका. सातवी ती स्वतः.

"हे काय, वरात आणली का?"

"चाय पाजशीन तं वरात," वच्छला म्हणाली. "नाई तं मोर्चा."

सगळ्या एकाच रोवणीच्या गटातल्या. पंचवीस वर्षांपूर्वी धान कापून झालं आणि शाळेत नसबंदीचं शिबिर लागलं, तेव्हा सगळा गट एकाच दिवशी गेला. बांधीत ज्या ओळीने उभ्या राहतात, त्याच ओळीने व्हरांड्यात बसल्या. त्याच ओळीने आत गेल्या. ती ओळ अजून बदललेली नाही. वच्छला, मग बेबीबाई, मग आनंदाबाई.

वच्छलाने प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. तारीख वाचता येत होती. अनुक्रमांक चौदा.

आनंदाबाईने आपलं काढलं. तीच तारीख. अनुक्रमांक सोळा.

"माह्यावाला चवदा, इचावाला सोळा," वच्छला म्हणाली. "मंधात कोन होतं? म्हैस?"

शुभांगीने दोन्ही कार्डं स्कॅन केली. डॉक्टरांनी व्रणाचा फोटो आणि आपलं टिपण जोडलं. सहा जणींच्या जबाबाखाली पाच सह्या, एक अंगठा.

पूर्वीची शस्त्रक्रिया: होय.

*

सोमवारी योजनेच्या ऑफिसातून शेरा आला. रुग्णाचे मूळ कार्ड जोडावे.

शुभांगीने फोन केला. बेबीबाई बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसली होती. समोर रोवणी चालू. वच्छला आणि आनंदाबाईच्या मध्ये एका बाईची जागा मोकळी.

"परत आला, मावशी. अजूनही नाभीचा करता येते. बस एक क्लिक."

"मूळ कार्ड वैनगंगेत आहे म्हनून लिही. अन् पाठव."

"पुन्हा परत आला तर?"

"तं पुन्हा पाठव. ते थकतेत का मी, पाहूच."

"अन् मी थकली तर?"

"तू कायले थकशीन? तुले बसूनच तं काम आहे."

शुभांगीने लिहिलं: मूळ कार्ड वैनगंगा नदीत आहे. पाठवलं. परत आलं. तेच वाक्य, तीच कार्डं, पुन्हा पाठवलं. पुन्हा परत आलं. चौथ्या वेळी तिने जबाब सगळ्यात वर लावला.

रोवणी संपली. एक रविवार गेला, दुसरा गेला. मग मंजुरी आली. कोड, जुन्या टाक्यातला.

"वाच," बेबीबाई फोनवर म्हणाली. "जोरानं वाच. ह्या साऱ्या आयकून राहिल्या."

शुभांगीने वाचलं.

शिबिराच्या दिवशी बेबीबाईचं वय बावीस होतं.